मिठाच्या पाण्याची पिशवी

मित्रांनो, वर्ध्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर सुरभी यांच्या टेबलाच्या खणात राहणारी मी एक जुनी पिशवी आहे. भाजी आणायची नव्हे. सिलिकॉनची, तळहाताएवढी, दुधी रंगाची. माझं खरं नाव टिश्यू एक्सपान्डर. ते घेताना जीभ अडखळते, म्हणून नर्स मला नुसतं एक्सपान्डर म्हणतात. जिच्या अंगात मी राहिले ती सरिता मात्र मला ‘पिशवी’ म्हणायची. मला तेच नाव आपलं वाटतं.

माझं काम काय, ते आधी सांगते. काही बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो. तो काढताना कधी कधी सगळा स्तनच काढावा लागतो. छाती एका बाजूनं सपाट होते. तिथं पुन्हा उभार हवा असेल तर आत काहीतरी ठेवायला जागा पाहिजे, आणि उरलेली कातडी तर घट्ट बसलेली असते. म्हणून मला जवळजवळ रिकामीच छातीच्या स्नायूखाली ठेवतात. माझ्या अंगावर एक छोटी झडप आहे, तिच्यात लोहचुंबक आहे. डॉक्टर बाहेरून दुसरं चुंबक फिरवून ती झडप शोधतात, बारीक सुई टोचतात आणि मिठाचं पाणी आत सोडतात. आज थोडं, पुढच्या खेपेला आणखी थोडं. मी फुगत जाते आणि माझ्यावरची कातडी हळूहळू वाढते. बाळ वाढतं तशी आईच्या पोटाची कातडी वाढते ना, तशीच. पुरेशी जागा झाली की मला काढून टाकतात आणि तिथं कायमचा कृत्रिम उभार बसवतात. मी मुळात पाहुणीच.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथल्या माणसांचे फक्त डोळे दिसायचे. त्यांनी मला फुगवून, दाबून, उलटीपालटी करून पाहिलं आणि दुहेरी वेष्टनात बंद केलं. डब्यातल्या अंधारात मला एवढंच ठाऊक होतं, की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहोत. उपयोगी पडताना दुखवावंही लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सरिता पुलगावची. तिचा नवरा नागसेन तिथल्या डेपोत कामाला. सरिता घरीच ब्लाऊज शिवायची. पुलगावातच काय, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायकाही तिच्याकडे कापड टाकून जात. तिच्या खोलीत मशीनसमोर एक उभा आरसा होता. ब्लाऊज घालून बायका त्याच्यासमोर वळून वळून बघत आणि सरिता तोंडात टाचण्या धरून “इथं सैल होते काय वं?” असं विचारत फिरे. हे सारं मला तिच्या बोलण्यातून, तिच्या अंगात राहूनच कळलं.

तिला एक मोठी बहीण होती, जया. अल्लीपूरला दिलेली. जयालाही हाच आजार होऊन गेला होता. तिचं ऑपरेशन झाल्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा तिची एक बाजू काढली, नंतर विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला, आणि ती वाचली. शेतात जाऊ लागली, निंदायला बसू लागली. तिचे ब्लाऊज सरिता शिवून देई. एका बाजूला आतून कप्पा करून त्यात कापूस भरी. पण कापूस हलका. जया वाकली की ब्लाऊजची ती बाजू वर चढे. घामानं कापसाचे गोळे होत. मग जयानंच युक्ती काढली. तिनं कापडाच्या पुरचुंडीत मोहरी भरली. मोहरीला वजन असतं. ती जागची हलत नाही.

आणि मग गाठ सरितालाही आली. जयाचा अनुभव गाठीशी असल्यामुळं तिनं वेळ घालवला नाही. लवकर सापडली म्हणून शेकही लागणार नव्हता, ऑपरेशन आणि पुढं गोळ्या एवढ्यावर भागणार होतं. पण बाजू काढावी लागणार होती. तेव्हा डॉक्टर सुरभींनी सरिता आणि नागसेनला समोर बसवून माझ्यासारखी एक पिशवी दाखवली.

“गाठ काढणारे डॉक्टर वेगळे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांचं काम झालं की त्याच वेळी मी ही आत ठेवू शकते. ठेवलीच पाहिजे असं नाही. नाही ठेवली तरी तुमच्या जिवाला धोका वाढत नाही. तुम्हाला काय हवंय?”

सरितानं नागसेनकडं पाहिलं.

“माह्याकडे काऊन पाहून राह्यली?” नागसेन म्हणाला. “अंग तुह्यं आहे. तू सांग.”

“ठेवा,” सरिता म्हणाली. ती इतक्या हळू म्हणाली, की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. “ठेवा म्हणतो मी, मॅडम.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला जयाची आठवण झाली आणि ती तिथंच थांबली. नागसेनला म्हणाली, “ताईले सांगू नका. कोणालेच सांगू नका. ताई इतकी वर्षं मोहरी बांधून वावरात जाते, आन् मी हे नखरे करून राह्यली.”

“नखरे कसे वं?”

“नखरेच. जीव वाचला तं पुरे म्हणावं माणसानं.”

या अपराधी भावनेतच मी तिच्या अंगात राहायला गेले, मित्रांनो. डॉक्टरांनी मला नीट बसवलं, टाके घातले, सगळं व्यवस्थित झालं. पण ज्या घरात आपलं येणं लपवून ठेवलंय, तिथं पाहुणीला मोकळं कसं वाटावं? सरिताच्या मनाला मी पहिल्या दिवसापासून बोचत होते.

जखम भरली आणि माझ्यात पाणी भरणं सुरू झालं. सरिता गाडीनं वर्ध्याला यायची. सुई फारशी दुखत नसे, तिथली कातडी बधिरच झालेली होती. दुखायचं ते नंतर. दोन मापं लहान ब्लाऊज कुणी जबरदस्तीनं हुक लावून घालावा तसं तिला व्हायचं. श्वास अर्धाच आत जाई. परत जाताना स्टेशनवरून घरी नेणारा ऑटो गतिरोधकावर उडाला, की ती दोन्ही हातांनी छाती धरायची आणि डोळे मिटायची. तिला दुखवणारी मीच होते. मी आक्रसून लहान व्हायचं म्हटलं तरी होता येत नव्हतं. फुगणं हेच माझं काम.

“छान होतंय,” डॉक्टर म्हणायच्या. “कातडी छान साथ देतेय.”

ते ऐकून सरिता हसायची. एकदा घरी कुणी नसताना ती त्या उभ्या आरशासमोर उभी राहिली. नवी शिवलेली साधी चोळी तिनं घातली होती. तिनं खांदे सरळ केले, डावीकडं वळली, उजवीकडं वळली. बायका वळायच्या तशीच. तिचं काळीज माझ्या अगदी जवळ होतं, ते आनंदानं उडायला लागलेलं मला जाणवलं. पण लगेच तिनं पदर ओढून घेतला आणि आरशावर चादर टाकली. कुणीतरी चोरी करताना पाहिल्यासारखी ती मशीनशी जाऊन बसली. पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाईक आलं की आधी चादर काढावी लागे.

अशातच जया आली. बहिणीचा हात अजून नीट चालत नसेल, घरातलं कोण करत असेल, म्हणून तुरीची डाळ आणि चार कपडे घेऊन अल्लीपूरहून ती राहायलाच आली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सरिताला विळीही हातात घेऊ देईना. संध्याकाळी तिनं आपल्या पिशवीतून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली.

“घे,” ती म्हणाली. “तुह्यासाठी केली. कापूस नको घेऊ तू, कापसाचे गोळे होते. मोहरी पाखडून घेतली मी, खडा नाई एकबी. अस्तर मऊ लावलं.”

सरितानं ती पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली. आत्ता सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिच्या ओठांवर आलेलं मला कळत होतं. पण जयाचा चेहरा इतका उजळला होता, की सरिता म्हणाली, “चांगली केली वं ताई. जखम पुरती वाळली की घालतो.”

त्या दिवसापासून ती घरात ढगळ गाऊन घालू लागली आणि त्यावर कायम एक ओढणी. जया समोर आली की ती जरा वाकून बसे.

आणि मग माझ्याभोवती जंतू झाले. ते कुठून आले हे मला सांगता येणार नाही. सगळी काळजी घेऊनही कधी कधी असं होतं. पण एक खरं, की ते माझ्याच पाठीला चिकटून वाढले. जिवंत मांसाला जंतू लागले तर रक्त त्यांच्याशी झुंजतं. माझ्यात रक्त नाही. मी त्यांना आयता आडोसा झाले.

आधी थोडी लाली आली. मग ती जागा ऊन लागू लागली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लाली, ताप, सूज, काहीही दिसलं की त्याच दिवशी यायचं, वाट पाहायची नाही. सरिताला ते चांगलं आठवत होतं. पण दवाखान्यात जायचं तर जयाला सांगावं लागणार. जया बरोबर येणार, आणि तिच्यासमोर कपडे काढावे लागणार. सरितानं तापाची गोळी घेतली आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही तिनं गोळीच घेतली. नागसेननं विचारलं, “चेहरा काऊन असा लाल दिसून राह्यला?” तर म्हणाली, “चुलीपाशी बसलेली, म्हणून.” चुलीपाशी तर जया बसत होती. नागसेनला डेपोत जायची घाई होती, तो गेला. तो जरा वेळ थांबला असता तर, असं मला अजून वाटतं. त्यालाही पुढं तसंच वाटत राहिलं.

सरिता पडून राहिली की मनाशी बोलायची. भीतीनं माणूस आपल्यालाच शिक्षा सुनावतं, ते मी तेव्हा ऐकलं. ‘भोग आता. जीव भेटला होता, तं रूप पाह्यजे होतं तुले. ताईच्या तोंडावर खोटं बोलली.’ मला ओरडून सांगावंसं वाटे, की बाई गं, हा ताप म्हणजे शिक्षा नव्हे, हा आजार आहे, त्याला औषध आहे, ऊठ. पण पिशवीला तोंड नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. जयानं भांडी टाकून धाव घेतली. पाण्यात फडकं बुडवून तिनं कपाळ पुसलं, हात पुसले आणि गाऊनच्या गुंड्या सोडायला घेतल्या.

“नको ताई,” सरितानं तिचा हात धरला. “राहू दे.”

“लाजतं काय वं माह्यासमोर? माह्यं काय वेगळं आहे?”

सरिताच्या हातात जोर नव्हता. गुंड्या सुटल्या आणि जयानं मला पाहिलं. म्हणजे मला नाही. जिथं सपाट असायला हवं होतं तिथला उभार पाहिला. तिचा हात हवेतच राहिला.

“हे काय आहे?”

सरिता रडायला लागली. “पिशवी बसवली ताई त्यायनं आतमध्ये. पाणी भरते थोडंथोडं. मागून दुसरं बसवते. मी हो म्हटली. तुह्यापासून लपवलं मी.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणं चाललं होतं. जयानं नकळत आपल्या ब्लाऊजच्या त्या बाजूला हात नेला आणि खाली घेतला. मला वाटलं, आता ही उठून जाईल. उठून अल्लीपूरची गाडी धरेल.

तिनं तळहात उलटा करून माझ्यावरच्या कातडीला लावला आणि झटकन मागं घेतला.

“हे तं जळून राह्यलं, सरे! किती दिवसाचं आहे?”

“परवापासून.”

“आन् तू पडून राह्यली? माह्यी लाज वाटली म्हणून?”

“तुह्यी लाज नाई ताई, माह्यीच लाज वाटली.”

“ते आपण मागून बोलू. पह्यले उठ.” जयानं तिच्या गुंड्या लावल्या, ओढणी गुंडाळली आणि शेजारणीच्या फोनवरून नागसेनला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा दारात गाडी उभी होती आणि जया सरिताला धरून बाहेर आणत होती. “जवाई, इचारत बसू नका,” ती म्हणाली. “पुढं बसा.”

दवाखान्यात डॉक्टर सुरभींनी एकदाच पाहिलं. सुईनं माझ्याभोवती साचलेलं थोडं पाणी काढून बघितलं, ते गढूळ होतं. त्या सरिताशेजारी खाटेवर बसल्या.

“औषधं सुरू करते, पण नुसत्या औषधानं हे जाणार नाही. पिशवी काढावी लागेल. आजच.” मग त्या म्हणाल्या, “लाली दिसली त्याच दिवशी आला असतात तर कदाचित वाचवता आली असती. नक्की वाचली असती असंही नाही. चूक तुमची आहे असं मी म्हणत नाहीये. पुढच्या वेळी लक्षात असावं म्हणून सांगतेय.”

सरितानं मान हलवली. तिला काहीतरी विचारायचं होतं. पण या स्थितीतही ‘पुन्हा मिळेल का’ असं विचारणं तिला हावरटपणाचं वाटत होतं. तेव्हा पायथ्याशी उभी असलेली जया पुढं आली.

“मॅडम, मागून लावता येते का तिले दुसरी?”

“येते. जखम पूर्ण बरी होऊ द्यायची. काही महिने थांबायचं. मग त्यांना हवी असेल तर.”

डॉक्टर तयारीला गेल्या. नागसेन औषधं आणायला गेला. ऑपरेशनला नेईपर्यंत दोघी बहिणीच होत्या. मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं बोलणं, आतून ऐकलेलं.

“ताई, मले माफ कर.”

“कायची माफी?”

“तुह्यापाशी नाई, ते मी घेतलं.”

जया खाटेच्या लोखंडी दांडीवरून बोट फिरवत राहिली. “खरं सांगू तुले? दुपारी पाह्यलं तं लागलं मले. आत लागलं. तू घेतलं म्हणून नाई वं. मले कोणी इचारलंच नाई. डॉक्टरनं माह्या घरच्यायले बाहेर बोलावलं, त्यायनं अंगठा देल्ला, आन् मी उठली तं काढून झालं होतं. जीव वाचवला, उपकारच आहे. पण असं काही लावता येते, मले कोणी सांगतलंच नाई. आन् तू बी नाई सांगतलं. तू तं माह्यी बहीण.”

सरिताचं काळीज माझ्याशेजारी जड जड धडधडत होतं. मग तिला आत नेलं, आणि मी तिच्यातून बाहेर आले.

खरं तर माझ्यासारख्या काढलेल्या वस्तू जाळायला जातात. पण सरिता बरी होऊन टाके काढायला आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, की ही पिशवी मी धुऊन, निर्जंतुक करून जवळ ठेवू का? वापरलेली, खरी पिशवी दाखवून, काय चुकू शकतं तेही बायकांना सांगता येईल. सरिता हो म्हणाली. म्हणून मी या खणात आहे. मला वाटत होतं, माझ्यामुळं त्या बाईला एवढा ताप झाला, आता माझी काय किंमत? पण ज्या बायकांना मी दाखवली जाते त्या मला दाबून बघतात, झडप चाचपतात, मनात येतील ते प्रश्न विचारतात. डॉक्टर मात्र त्यांना माझी गोष्ट कधीच गोड करून सांगत नाहीत.

काही महिन्यांनी दोघी बहिणी एकत्र आल्या. डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं. जयानं मला उचललं आणि तळहातावर तोलून पाहिलं. माझ्यामुळं तिला जे लागलं होतं ते मला आठवलं. खणात परत जावं असं मला झालं.

“मॅडम,” सरिता म्हणाली, “माह्यं मागून पाहू. आधी ताईचं सांगा. इतक्या वर्षांनी तिचं होते का?”

“होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “मात्र जयाताईंना शेक दिलाय. शेक दिलेली कातडी नीट ताणली जात नाही, तिथं नुसती पिशवी धोक्याची. पाठीचं किंवा पोटाचं मांस घेऊन करता येईल. ऑपरेशन मोठं आहे.”

जयानं विचारलं, वावरात वाकता येईल का. विचारलं, किती दिवस हात वर होणार नाही. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. मग सरिता बहिणीकडं पूर्ण वळून बसली.

“ताई, तुले काय पाह्यजे?”

जयानं मला टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. “तवा इचारलं असतं तं हो म्हटलं असतं. लगेच म्हटलं असतं. आता नको. आता या अंगाशी माह्यं जमलं.”

“मंग मले बी नको,” सरिता पटकन म्हणाली.

“काऊन?” जयाचा आवाज चढला. “तू उपाशी राह्यली तं माह्यं पोट भरन काय? तुले पाह्यजे का नाई ते सांग. माह्याकडे पाहून नको सांगू.”

सरितानं खाली पाहिलं. खोलीत कुणीच घाई केली नाही. मग ती वर बघून म्हणाली, “पाह्यजे.” या वेळी डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं नाही.

माझ्या जागी दुसरी पिशवी गेली. तिनं आपलं काम नीट केलं आणि वेळ झाल्यावर निघून गेली. आता सरिताचं सारं ठीक आहे असं ऐकते. पाणी भरायच्या दिवशी जया अल्लीपूरहून येऊन तिच्याबरोबर गाडीत बसायची. तरी डॉक्टरांना भेटायला आली की सरिता मला बघते आणि तिच्या चेहऱ्यावर एक सावली येऊन जाते. जयाला तेव्हा विचारलं गेलं नाही, हे कुणालाच बदलता आलेलं नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. डॉक्टरांची कामं तुम्हाला जमणार नाहीत. पण तुमच्याही घरात आई असेल, मावशी असेल, आत्या असेल. कुठं दुखलं की ‘काही नाही रे’ म्हणून ती कामाला लागत असेल. काही आवडलं की ‘मला कशाला’ म्हणून बाजूला ठेवत असेल. तिच्या ‘काही नाही’वर लगेच विश्वास ठेवू नका. तिला एकदा विचारा, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळून उठू नका.